कॅटमरॅन या शब्दाची साक्ष

तिरुवोट्टियूर, चेन्नई
१८ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात गेला होता, आवरला. नमस्कार पोचला असं समज. तू मोठा आहेस आणि त्या बाबतीत माझ्याकडून कधी कसूर झालेली नाही. पण हे पत्र समेटाचं नाही. मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा आहे, आणि त्यासाठी तुझ्याहून चांगला माणूस मला ठाऊक नाही. सांगलीच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलंस, घर कोशांनी भरलंस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

शब्द आहे कॅटमरॅन.

कशासाठी ते सांगितल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस, म्हणून सगळं सांगते. माझी यामिनी आता वकील आहे. हे तुला माहीत आहे, पण मला लिहायला आवडतं म्हणून लिहिते. दर शनिवारी ती एन्नोरला जाते. तिथं खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची वस्ती आहे, पलीकडे वीजकेंद्राची धुराडी. पंचायतीच्या ओसरीवर बसून ती लोकांना कायद्याचा सल्ला देते. तिथं तिला एकांबरम भेटला.

एकांबरम सत्तरीचा कोळी. आता या किनाऱ्यावर सगळ्यांच्या फायबरच्या बोटी आहेत. लाकडाचं कट्टुमरम घेऊन समुद्रात जाणारे थोडे म्हातारे उरलेत, त्यांतला हा एक. कट्टुमरम म्हणजे हलक्या लाकडाचे ओंडके शेजारी शेजारी ठेवून काथ्यानं बांधलेले, बस. त्याला तळ नाही, कठडा नाही. लाटेचं पाणी फटींतून वर येतं आणि तिथूनच खाली जातं.

जानेवारीत, पोंगलच्या आधी, सकाळी तो जाळं टाकून बसला होता. तिथून एका खासगी क्लबची पांढरी सहलीची बोट आली. दोन सडपातळ नावा जोडून वर एक छप्पर घालावं, अशी तिची बांधणी. ती एकांबरमवर आदळली. ओंडके सुटून लाटांवर पांगले. एकांबरमचा पाय मोडला. बोटीवरच्या एका पाहुणीचं खांद्याचं हाड मोडलं. बाकीचे पाहुणे आत नाश्ता करत होते, त्यांनी काही पाहिलं नाही. बोट चालवणारा म्हणतो, म्हातारा शीड लावून भरधाव आमच्या आडवा आला. आणि दादा, गुन्हा दाखल झाला तो एकांबरमवर. बेदरकारपणे नाव हाकून इजा केल्याचा.

तिऱ्हाईत साक्षीदार एकच. जवळ एक मालवाहू जहाज नांगरून उभं होतं. त्यावरच्या पहाऱ्याच्या अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि बंदराच्या नियंत्रण कक्षाला रेडिओवरून ओरडून सांगितलं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, यामिनीनं मला ऐकवलं. माणूस घाबरलेला आहे. म्हणतो, "कॅटमरॅन वेगात येतंय! बाजू देत नाहीये! कॅटमरॅन बाजू देत नाहीये!" बस, एवढंच. जहाज दुसऱ्या दिवशी निघून गेलं. त्या अधिकाऱ्यानं नोकरी सोडली आणि त्याचा पत्ता लागत नाही.

मद्रासमध्ये कॅटमरॅन म्हणजे कोळ्यांचं कट्टुमरम. इथल्या इंग्रजी पेपरांत तसंच छापतात, कचेऱ्यांत तसंच लिहितात. क्लबच्या बोटीला सगळे 'यॉट' म्हणतात, तक्रारीतही यॉटच लिहिलंय. त्यामुळे त्या एका वाक्यावर म्हातारा अडकला आहे.

पण तो अधिकारी न्यूझीलंडचा होता, बंदराच्या नोंदीत आहे. यामिनीचा प्रश्न असा: त्याच्या तोंडी कॅटमरॅन म्हणजे काय?

याचं उत्तर तू दे. उपकार म्हणून नको, उत्तर येतं म्हणून दे.

सुनंदा


९ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. वर माझं नाव नाही, खाली तुझी सही नाही. मथळा 'कॅटमरॅन : टिपण'. आणि शेवटी मी शब्दाचं स्पेलिंग चुकवल्याची नोंद. वाचून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की शेजारच्या अंबुजामामीला हाक मारली आणि तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मामी तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिची मराठी आपल्या पणजीच्या वेळची वाटेल अशी, मध्ये मध्ये तमिळ पेरलेली. ती म्हणाली, "कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे झाड. हे सांगायला सांगलीहून कागद आणवलास, मा?"

मी म्हटलं, पुढे ऐक.

तू लिहिलंस की सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज खलाशांनी हा शब्द याच किनाऱ्यावर उचलला आणि घरी नेला. मद्रासला तेव्हा धक्का नव्हता. जहाजं दूर उभी राहत आणि लाटा फोडून त्यांच्यापर्यंत निरोप नेणारे हेच बांधलेले ओंडके. म्हणजे दीडदोनशे वर्षं इंग्रजीतही अर्थ तोच, एकांबरमचा. हे वाचून माझं तोंड उतरलं, कारण ते सरकारी वकिलाच्या बाजूचं आहे. पण तू ते झाकलं नाहीस. तू झाकणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

मग दुसरा अर्थ: नेपोलियनच्या आरमाराखाली लावायला इंग्रजांनी स्फोटकं भरलेल्या पेट्या पाण्यात सोडल्या, त्यांनाही हेच नाव दिलं. यावर मामीनं "अय्यय्यो" केलं. चौथा अर्थ आमच्या कामाचा: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन नावा जोडून केलेल्या बोटीला हे नाव मिळालं, आणि आज जगात बहुतेक ठिकाणी तोच अर्थ उरला आहे.

आणि मधला तिसरा. 'कजाग, भांडकुदळ बाई. बहुधा कॅट म्हणजे मांजर या शब्दाच्या जवळिकीमुळे, खात्री नाही. या अर्थाचे जिवंत दाखले आजही मिळतात, विशेषतः चेन्नईच्या उत्तर भागात.'

म्हणजे आमच्याच भागात! मी हसले, दादा. खरंच हसले. यामिनीला दाखवलं तर तिनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, "इंग्लिश कोशात माझी नोंद आहे तर." रागावली नाही. मग टिपण घेऊन आपल्या टेबलाशी गेली आणि कामाला लागली.

आता मुद्दा. नुसत्या कागदाला कोर्टात किंमत नाही. शब्दाचा जाणकार उभा राहून बोलला तरच ती साक्ष. सरकारी वकील उलट प्रश्न विचारणार, त्यांना उत्तरं द्यावी लागणार. यामिनीचे सीनियर रामस्वामी म्हणतात, चेन्नईतलेच एखादे प्राध्यापक गाठा. दोन जणांना विचारलं. एकांनी पोलिसकेस म्हटल्यावर हात झटकले. दुसरे इंटरनेटवरून चार ओळी काढून देतो म्हणाले. मला तू हवा आहेस.

क्लबकडून माणूस आला होता. चूक कबूल कर, आम्ही नवी फायबरची बोट इंजिनासकट देतो, शिक्षाही नावापुरती होईल असं पाहतो, म्हणाला. जावई 'घ्या' म्हणत होता. एकांबरम पाय लांब करून भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "जाळं टाकून बसलेला माणूस पळत होता, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? माझं जाळं पाण्यात होतं." तो माणूस बोटीचं चित्र दाखवू लागला. एकांबरमनं मान फिरवली आणि समुद्राकडे बघत राहिला.

असल्या माणसासाठी ये.

सुनंदा


११ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'त्या मुलीच्या बाजूने मी पिंजऱ्यात उभा राहणार नाही.' एक ओळ.

तर मग त्या मुलीबद्दल लिहिते, कारण सहा वर्षांत तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तुझ्या मित्राच्या मुलाशी तिचं लग्न तू ठरवलंस. हे गेल्यावर तूच आमच्या घरातला मोठा, तेव्हा ठरवणं तुझ्याकडे आलं, ते मी मान्य केलं. मुलगा चांगलाच होता. पण साखरपुड्याच्या दिवशी त्याच्या वडिलांनी चारचौघांत सांगितलं की लग्नानंतर वकिली नको, आणि उमाकांतरावांनी तसा शब्द दिलाय. यामिनीनं तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "दिलाय." तिनं साडीचा पदर खोचला, ताटातला नारळ उचलून त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "मामानं त्याचा शब्द दिला असेल. माझा मी दिलेला नाही."

तुझी मान खाली गेली हे मी पाहिलं. मला वाईट वाटलं. पण मी तिच्या मागं उभी राहिले, आणि पुन्हा तो दिवस आला तरी तिथंच उभी राहीन. यात मला माफी मागण्यासारखं काही दिसत नाही.

ती कशी वकील झाली तुला पाहायचंय? पहिल्या वर्षी तिला कुणी केस देईना. उत्तर चेन्नईत मराठी आडनावाची पोर, वडील आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात होते, म्हणजे सगळ्यांच्या लेखी बाहेरची. तिची तमिळ शाळेतली, पुस्तकी. वस्तीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसत. तिनं काय केलं असेल? मासळी बाजारात जाऊन बसली. लिलावाची भाषा, शिव्यांची भाषा, जाळ्याच्या भागांची नावं, वाऱ्यांची नावं. घरी आली की कपड्यांना मासळीचा वास. मी नाक मुरडलं तर म्हणायची, "आई, त्यांच्या तोंडचा शब्द मला कळला नाही, तर मी त्यांच्यासाठी बोलू काय?" हे मला कुठं ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं. हे तू वर्गात सांगायचास, आणि घरी येऊन जेवताना आम्हालाही.

आता एकांबरम तिला आपल्या मुलीच्या जागी मानतो. आणि त्या बायका हसत नाहीत. खटला लागला की तिच्यासाठी तळलेली कोळंबी घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात.

तू तिच्या बाजूनं उभा राहू नकोस. मी ते मागितलंच नाही. तू त्या शब्दाच्या बाजूनं उभा राहा. कुणी तो चुकीच्या अर्थानं वापरून एका म्हाताऱ्याला गुन्हेगार ठरवतंय. हे तुझ्या वर्गात झालं असतं, तर तू गप्प बसला असतास?

यायचं झालं तर लॉजवर उतर. आमच्याकडे येऊ नकोस, साक्षीआधी आपण भेटलो तर सरकारी वकील त्याचं भांडवल करतील. असं यामिनीनंच सांगितलं आहे. तिला तुझी गाठ घ्यायची घाई नाही. अभिमान तिलाही आहे. कुणावर गेलीय ते तू बघ.

सुनंदा


१७ जुलै

दादा,

तू आलास, बोललास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. घरी आला नाहीस. मी कोर्टाच्या फाटकापर्यंत मागून आले होते. रिक्षा वळली, तुझी पाठ दिसली. अंगात बंद गळ्याचा कोट, या जुलैत, चेन्नईत! कोट ओला झाला होता.

पण मी तक्रार करायला लिहीत नाही. तू पिंजऱ्यात होतास, तुला मागचं काही दिसत नव्हतं. ते मी तुला सांगायला हवं.

सरकारी वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आरोपीच्या वकील तुमच्या कोण?"

"भाची."

"म्हणजे भाचीसाठी एवढ्या लांबून आलात."

तू म्हणालास, "आम्ही सहा वर्षं बोललेलो नाही. मला तिचं वागणं पसंत नव्हतं. आजही नाही."

कोर्टात चुळबुळ झाली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून एकदा तुझ्याकडे आणि एकदा यामिनीकडे पाहिलं. मी यामिनीच्या मागच्या बाकावर होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान ताठ होती आणि हातातलं पेन तिनं इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली. तिला ते लागलं, दादा. मलाही लागलं. पण त्याच क्षणी शेजारी बसलेले रामस्वामी माझ्या कानाशी आले आणि पुटपुटले, "याहून चांगला साक्षीदार देवानंही दिला नसता."

मग त्यांनी तुला घेरलं. कॅटमरॅन हा शब्द मूळचा तमिळ ना? हो. इंग्रजीत आला तो कोळ्यांच्या ओंडक्यांसाठीच ना? हो. दीडदोनशे वर्षं तोच अर्थ होता? हो. प्रत्येक 'हो'बरोबर एकांबरमची बायको माझा हात आवळत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण वकिलाचं हसू कळतं.

"आणि आपण कधी कट्टुमरम पाहिलंय?"

तू म्हणालास, "नाही. कधीच नाही."

मागं कुणीतरी हसलं. मला वाटलं, संपलं.

मग यामिनी उठली. तिनं तुला 'प्रोफेसर' म्हटलं. किती शांत आवाज होता तिचा! म्हणाली, "प्रोफेसर, समजा मी न्यूझीलंडमध्ये जन्मले, आजच्या काळात, समुद्रावर नोकरी करते. मला दोन गोष्टी दिसतात. एक, दोन नावा जोडलेली पांढरी बोट. दुसरी, बांधलेल्या ओंडक्यांवर बसलेला माणूस. यातल्या कशाला मी कॅटमरॅन म्हणेन?"

तू चष्मा काढून पुसलास. वर्गात अवघड प्रश्न आला की तू हेच करायचास. मग म्हणालास, "बोटीला. त्या बोटीसाठी तुमच्याकडे दुसरा सोपा शब्दच नसेल. आणि ओंडक्यांना तुम्ही तराफा म्हणाल. ज्या लोकांनी हा शब्द घडवला, त्यांची वस्तू त्या अधिकाऱ्याला या नावानं ओळखता आली नसती. इंग्रजीनं नाव ठेवून घेतलं आणि वस्तू विसरली. असं भाषांमध्ये होतं. पण म्हणून मूळ मालकाला शिक्षा देता येणार नाही."

न्यायाधीश बाईंनी हे स्वतः लिहून घेतलं. लिहिता लिहिता विचारलं, "आणखी काही अर्थ आहेत का?"

"एक आहे," तू म्हणालास, "पण तो या खटल्याशी संबंधित नाही."

यामिनीची मान पहिल्यांदा खाली गेली. ती हसू दाबत होती. मी तिची आई आहे, मला पाठीवरूनही कळतं.

फाटकाशी एकांबरम कुबडी टेकत तुझ्याकडे आला आणि तमिळमध्ये काही बोलला. तुला कळलं नाही, तू नुसता हात जोडलास. तो काय म्हणाला ते ऐक. किनाऱ्यावर आलं की ते ओंडके सोडून उन्हात वाळत टाकतात, भिजून जड होऊ नयेत म्हणून. तर तो म्हणाला, "अय्या," म्हणजे साहेब, "माझी लाकडं तुमच्या पुस्तकातही आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तिथं ती कोरडी राहतात ना?"

मला तुझा अभिमान वाटला. हे लिहायला मी पत्र सुरू केलं आणि कुठल्या कुठे पोचले.

सुनंदा


३० ऑगस्ट

दादा,

निकाल लागला. एकांबरम सुटला.

न्यायाधीश बाईंनी निकाल तमिळमध्ये वाचला, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांना कळावं. त्या म्हणाल्या, रेडिओवरचं वाक्य आरोपीविरुद्ध धरता येत नाही. उलट ते क्लबच्या बोटीबद्दलच असण्याचा संभव जास्त, आणि त्या दिशेनं तपास व्हायला हवा. मग तुझ्याविषयी एक वाक्य. मी ते यामिनीकडून मराठीत करून घेतलं: 'सदर साक्षीदाराने आरोपीस प्रतिकूल असलेल्या गोष्टीही सरळ मान्य केल्या आणि आरोपीच्या वकिलांविषयीची नाराजी लपवली नाही, म्हणून त्यांची साक्ष विश्वासार्ह आहे.' नाराजीचा असा उपयोग आपल्या घराण्यात आजवर कुणी केला नसेल.

एकांबरम तिथंच खाली बसला. रडला नाही. दोन्ही तळवे फरशीवर टेकून बसून राहिला, हलत्या पाण्यावरून जमिनीवर आल्यावर बसावं तसा. बायका ओरडत होत्या. कुणी तरी यामिनीच्या गळ्यात जास्वंदीचा हार घातला, त्याचा रंग तिच्या गळ्यातल्या पांढऱ्या वकिली बँडला लागला. ती ओरडली, "अग, दुपारी दुसरी केस आहे मला!" हार काढून तिनं एकांबरमच्या बायकोला घातला, टपरीवर उभ्यानं चहा प्यायली आणि खरोखरच दुसऱ्या केसला गेली. बोलायलासुद्धा थांबली नाही माझ्याशी.

मी एकटी घरी आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं गेला होतात. मी म्हटलं, "कोर्टात. माझी मुलगी वकील आहे. आज जिंकली." तिनं विचारलं नव्हतं तरी सगळी हकीकत सांगितली. तिचा स्टॉप गेला, तरी ती ऐकत राहिली. तुझाही उल्लेख केला. 'माझे मोठे भाऊ, इंग्रजीचे प्राध्यापक' असं. जरा वाढवूनच सांगितलं.

रात्री जेवताना यामिनीला विचारलं, मामाला कळवायचं ना? ती म्हणाली, "तू कळव. मी कळवलं तर त्याला वाटेल मी शेखी मिरवतेय." थोड्या वेळानं म्हणाली, "पण निकालाची प्रत पाठव. पूर्ण. त्याला अर्धं वाचायला आवडत नाही." सोबत जोडली आहे.

सुनंदा


६ जानेवारी

दादा,

हेमलतावहिनीचा फोन आला होता. म्हणाली, निकालाची प्रत तू येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतोस, पण नाराजीचं वाक्य गाळतोस. मी ऐकून ठेवलं.

आता इकडची बातमी. एकांबरमनं नवं कट्टुमरम बांधायला घेतलंय. जुने दोन ओंडके लाटांनी पुढच्या वस्तीच्या किनाऱ्यावर टाकले होते, तिथल्या लोकांनी ते ठेवून घेऊन परत आणून दिले. बाकीचे नवे. पाय पूर्वीसारखा झालेला नाही, पण बसून काम करायचं असतं त्यात त्याला कुणी हरवणार नाही. जावई म्हणतो, या वयात कशाला. तो ओंडका तासत राहतो. यामिनीनं क्लबवर भरपाईचा दावा लावलाय. समोर मोठे वकील आहेत, मोठ्या गाड्यांतून येणारे. ती बसनं जाते. मला काळजी वाटत नाही. खरं सांगायचं तर त्या वकिलांची थोडी वाटते.

एकांबरमनं निरोप दिलाय. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तो ते पाण्यात लोटणार आहे. म्हणाला, "त्या अय्यांनी न पाहता माझ्यासाठी एवढं सांगितलं. पाहिल्यावर काय सांगतील? त्यांना बसवून थोडं आत नेऊन आणतो." मी म्हटलं, ते सत्तरी ओलांडलेले आहेत. तो म्हणाला, "मग काय झालं? मीही आहे."

हा निरोप मी तुला कसा कळवावा याच्या विचारात होते. तुला मी बोलावलं तर तू येणार नाहीस, आणि न बोलावता तर नाहीच. तेवढ्यात काल तूच फोन केलास. आणि माझ्या नंबरावर नाही, यामिनीच्या.

ती फोन घेऊन गच्चीवर गेली. मी ऐकायला गेले नाही. मी उडीद भिजवले, निवडलेली भाजी पुन्हा निवडली, अंबुजामामीला उगीच हाक मारून परत पाठवलं. बराच वेळ वरून काही ऐकू येत नव्हतं. मग ती मोठ्यानं बोलू लागली, वाद घालावा तशी, आणि मध्येच हसली.

खाली आली तेव्हा डोळे ओले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं, तिनं दाखवलेलं नाही असं दाखवलं. काय बोललात ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि तूही लिहू नकोस. फ्रीज उघडून ती पाणी प्यायली. मग लॅपटॉप घेऊन जमिनीवर मांडी घालून बसली, गाड्या बघू लागली. खालचा बर्थ मिळतो का ते शोधत होती.

मान वर न करताच तिनं विचारलं, "आई, मामाला बोट लागते का ग?"

मी म्हटलं, ठाऊक नाही बाई. सांगलीत कृष्णेपलीकडे तो कधी गेलाय का कुणास ठाऊक.

"मग सकाळचं पोटभर खाऊ घालू नकोस त्याला," ती म्हणाली. "नुसती इडली दे."

सुनंदा